नव्या कॅमेरा बॅगेशी कुस्ती चालू आहे? मग हे पायरी-पायरीने करून बघा

कॅमेऱ्याची बॅग घेताना आपण काय बघतो, तर कप्पे किती आहेत. मीही तेच बघितलं. माझ्या बॅगेला लहानमोठे मिळून सतरा कप्पे आहेत आणि घेतली तेव्हा वाटलं की वा, आता प्रत्येक गोष्ट जागच्या जागी राहणार. पहिल्याच फेरीत पाण्याकाठी खंड्या दिसला, अगदी समोरच्या फांदीवर. मी बॅग उतरवायला घेतली, कमरेचं बक्कल काढलं, छातीचं काढलं, बॅग पालथी घातली कारण ही बाई पाठीच्या बाजूने उघडते, मग चेन ओढली तर ती रेनकव्हरच्या टोकात अडकली, ती सोडवली, आत बघते तर कॅमेरा एका टोकाला, लेन्स तळाला आणि लेन्सभोवती चार्जरची वायर. खंड्याने तेवढ्यात मासा पकडून, फांदीवर आपटून, गिळूनसुद्धा झाला असेल. मला दिसली ती रिकामी फांदी.

त्यानंतर दोन महिने मी त्या बॅगेला शिव्या घातल्या. परत करायची मुदत संपली होती, आणि खरं सांगायचं तर दिसायला छान होती म्हणून सोडवतही नव्हती. मग एके दिवशी सगळं जमिनीवर ओतलं आणि पहिल्यापासून मांडलं. बॅग आजही तीच आहे, पण आता पाठीवरून न उतरवता पाच-सहा सेकंदांत कॅमेरा हातात येतो.

या भानगडीत एक गोष्ट कळली, बाकीचं सगळं त्यातूनच निघतं. या बॅगा बनवणारे लोक सामान *ठेवण्याचा* विचार खूप करतात, *काढण्याचा* फार कमी. दुकानात बॅग टेबलावर उघडी पडलेली असते, उजेड मस्त असतो, दोन्ही हात रिकामे असतात. बाहेर यातलं काहीच नसतं. म्हणून आपण मांडणी करताना उलटीकडून सुरुवात करायची, हात कुठून आत जाणार आणि काय घेऊन बाहेर येणार इथून.

काय काय जवळ घेऊन बसायचं

- रिकामी बॅग आणि तुमचं सगळं कॅमेरा सामान, अगदी पुसायच्या फडक्यासकट
- वजनकाटा (स्वयंपाकघरातला चालेल)
- फाइलमधली प्लास्टिकची शीट किंवा जाड गुळगुळीत कागद, दोन-तीन तुकडे. हे कशाला ते चौथ्या पायरीत
- वेल्क्रोचा छोटा रोल, त्यातली मऊ बाजू जास्त लागते
- रंगीत चिकटपट्टी आणि मार्कर
- बारीक नायलॉनची दोरी, हातभर
- दोन-तीन लहान पाऊच, भडक रंगाचे. काळे नकोत, काळ्या बॅगेत काळा पाऊच म्हणजे संपलंच
- जुना टूथब्रश
- सिलिका जेलच्या पुड्या

दीड-दोन तास मोकळे ठेवा. शूटच्या आदल्या रात्री हे करायला बसू नका, मी बसले होते आणि सकाळी डोक्यात जुनी मांडणी, बॅगेत नवी, असा सगळा गोंधळ झाला.

## १. आधी बॅगेची जात ओळखा

प्रत्येक जातीचा स्वतःचा असा एक त्रास असतो आणि तो माहीत नसेल तर आपल्याला वाटतं आपणच वेंधळे.

पाठीच्या बाजूने उघडणारी बॅकपॅक: चोरीच्या दृष्टीने सगळ्यात सुरक्षित, कारण पाठीवर असताना कुणी उघडूच शकत नाही. पण तुम्हीही उघडू शकत नाही. एक फायदा मात्र खरा, की खाली ठेवताना पुढची बाजू जमिनीला लागते त्यामुळे चिखल तुमच्या पाठीला लागत नाही.

पुढून उघडणारी बॅकपॅक: याच्या बरोबर उलट. खाली ठेवली की पाठीची जाळी मातीत, आणि तीच परत पाठीवर.

बाजूला खिडकी असलेली: एक खांदा सोडायचा, बॅग पुढे फिरवायची, बाजूच्या चेनमधून कॅमेरा काढायचा. कल्पना छान आहे पण खिडकी डावीकडे आहे की उजवीकडे यावर सगळं अवलंबून. खिडकी डावीकडे असेल तर उजवा खांदा सोडावा लागतो, बॅग डाव्या खांद्यावरून डाव्या बगलेखालून पुढे येते, खिडकी वर होते आणि उजवा हात आत जातो. तुम्ही डावखुरे असाल तर हे सगळं उलटं पडतं, म्हणून घेण्याआधी फिरवून बघा.

स्लिंग, म्हणजे एका पट्ट्याची तिरकी: पटकन पुढे येते. आणि वाकलात की आपोआपसुद्धा पुढे येते, नको तेव्हा. बुटाची नाडी बांधायला वाकले आणि बॅग हनुवटीवर, हे माझं दोनदा झालंय.

खांद्याची झडपेवाली बॅग: काढायला सगळ्यात सोपी, दोन तासांनी खांदा सगळ्यात जास्त दुखवणारी.

तुमची कुठली ते ठरवा आणि तिचा मुख्य त्रास एका ओळीत कागदावर लिहा. माझ्या कागदावर लिहिलं होतं: "उतरवल्याशिवाय उघडत नाही." नंतर नीट बघितलं तर तिला बाजूची छोटी खिडकी होती, आतून डिव्हायडरने (कप्पे पाडणाऱ्या सुट्या फोमच्या पडद्याने) बंद केलेली! दोन महिने मला पत्ताच नव्हता. त्यामुळे बॅगेच्या प्रत्येक चेनमध्ये हात घालून ती कुठे निघते ते बघाच.

## २. सामान तोला

हे लोक टाळतात. टाळू नका.

फुल फ्रेम (म्हणजे मोठ्या सेन्सरच्या) मिररलेस कॅमेऱ्याची बॉडी, लेन्सशिवाय पण बॅटरीसकट, साधारण ६०० ते ७५० ग्रॅम. २४-७० एफ २.८ सारखी झूम लेन्स (२४-७० हे तिच्या फोकल लेंथचे मिलिमीटर) ७०० ग्रॅम ते एक किलो. ७०-२०० एफ २.८ घेतली तर एक ते दीड किलो. त्यात फ्लॅश, चार्जर, बॅटऱ्या, पाणी. आणि जिच्याकडे कुणी बघत नाही ती रिकामी बॅग, जाड फोम आणि जाड कापडवाली मोठी बॅकपॅक स्वतःच दोन किलोच्या आसपास भरते. म्हणजे फोटो काढायला लागत नाही असं दोन किलो तुम्ही आधीच पाठीवर घेतलंय.

आता गेल्या पाच वेळा बाहेर गेलात तेव्हा कुठली लेन्स खरंच लावली ते आठवा. जी एकदाही लागली नाही ती घरी. "लागली तर" हा शब्द बॅगेचा शत्रू आहे, मी वर्षभर एक मॅक्रो लेन्स या शब्दावर वाहिली आणि एकदाही बाहेर काढली नाही.

## ३. कॅमेरा काढायला किती हालचाली लागतात ते मोजा

बॅग भरा, जशी आत्ता भरता तशीच. पाठीवर घ्या, दोन्ही बक्कल लावा, दोन मिनिटं घरात चाला. मग कॅमेरा काढा आणि प्रत्येक हालचाल मोठ्याने मोजा. बक्कल एक, बक्कल दोन, खांदा तीन, असं. समोरच्याला मोबाइलवर शूट करायला सांगितलंत तर अजून बरं, आपण काय येड्यासारखं करतो ते दिसतं.

माझ्या अकरा हालचाली झाल्या. त्यात चार निव्वळ फालतू होत्या: रेनकव्हरचं टोक बाजूला करणं, आतली जाळीची झडप उघडणं, कॅमेऱ्याचा पट्टा लेन्सखालून सोडवणं आणि लेन्स कॅप शोधणं. हे सगळं कागदावर लिहा आणि तो जपून ठेवा, शेवटी परत मोजायचंय.

## ४. डिव्हायडर: इथे वेळ घाला

आतले वेल्क्रोवाले पडदे म्हणजे या सगळ्या प्रकरणातली डोकेदुखी नंबर एक. डिव्हायडर आत सरकवायला जावं तर अर्ध्या वाटेतच त्याचं वेल्क्रो भिंतीला चिकटतं, वाकडं चिकटतं, ओढून काढावं तर दुसऱ्या डिव्हायडरला घेऊन बाहेर येतं. नाकी नऊ येतात.

यावरचा उपाय अगदी साधा आहे. डिव्हायडरच्या दोन्ही टोकांवर, जिथे खरखरीत वेल्क्रो असतं तिथे, प्लास्टिकच्या शीटचा तुकडा दुमडून ठेवा, म्हणजे वेल्क्रो झाकलं गेलं. आता तो गुळगुळीतपणे आत जाईल, वरखाली करून हवा तिथे बसवा, आणि जागा पक्की झाली की शीट वरच्या बाजूने ओढून काढा. बास, चिकटला. पूर्वी एक मांडणी करायला मला अर्धा तास लागायचा आणि मग मी म्हणायचे जाऊ दे, आहे ते ठीक आहे. त्या "जाऊ दे" मुळेच वर्षभर त्रास होतो.

मांडणी करायचा क्रम:

पहिलं म्हणजे सगळे डिव्हायडर बाहेर काढा. एकही आत ठेवू नका. कंपनीने लावून दिलेली मांडणी बॅग फोटोत छान दिसावी म्हणून असते.

दुसरं, हात जिथून आत जातो (बाजूची खिडकी, वरची झडप, जे असेल ते) तिथे कॅमेरा, लेन्स लावलेला, आणि ग्रिप, म्हणजे कॅमेऱ्याची धरायची मूठ, तुमच्या हाताकडे. ग्रिप हाताकडे हे फार महत्त्वाचं. ग्रिप आतल्या बाजूला असेल तर लेन्स धरून कॅमेरा ओढावा लागतो, मग तो दुसऱ्या हातात घ्यायचा, आणि नेमका तेव्हाच पडतो.

तिसरं, कॅमेऱ्याभोवती कप्पा बांधा, कॅमेरा कप्प्यात कोंबू नका. हाताची बोटं ग्रिपभोवती जातील एवढी, साधारण दोन बोटांची जागा सोडा. बाकी तीन बाजूंनी घट्ट. बॅग बंद करून हळूच हलवली तर आतून खडखड यायला नको.

चौथं, लेन्सची वजनदार बाजू हवेत लोंबू देऊ नका. मोठी लेन्स लावलेली असेल आणि बॉडी डिव्हायडरवर टेकून लेन्स अधांतरी राहिली तर चालताना प्रत्येक हिसका माउंटवर, म्हणजे लेन्स जिथे कॅमेऱ्याला जोडते तिथे, बसतो. लेन्सखाली एक छोटा डिव्हायडर आडवा दुमडून उशीसारखा घाला. दुमडायचे ते छोटे तुकडे कशाला दिलेत म्हणून मी फेकून देणार होते, ते यासाठीच असतात.

आणि ७०-२०० सारख्या लेन्सला ट्रायपॉडचा पाय असतो ना, तो बाहेर आलेला असल्यामुळे लेन्स कप्प्यात बसत नाही असं वाटतं. कॉलर (तो पाय ज्या रिंगला असतो ती) सैल करून पाय फिरवा, कोपऱ्याकडे गेला की बसते. पाय सुटा होत असेल तर काढूनच ठेवा. हूड (लेन्सच्या तोंडाला लागणारी कड) उलटी लावा, हे सगळ्यांना माहीत असतं तरी कितीतरी जण सुलटी लावून अख्खा कप्पा वाया घालवतात.

सुट्या लेन्स उभ्या ठेवायला खोली पुरत असेल तर मागची कॅप वर येईल अशा ठेवा. म्हणजे लेन्स उचलली की माउंटची बाजू हातात, मागची कॅप काढली की थेट बॉडीवर. आणि वर दिसणाऱ्या त्या कॅपवर चिकटपट्टी लावून मार्करने आकडा लिहा: ३५, ८५, काय असेल ते. वरून सगळ्या कॅप सारख्याच काळ्या दिसतात.

वेल्क्रो जुनं होऊन धरत नसेल तर लगेच बॅग टाकू नका. बहुतेक वेळा खरखरीत बाजूत फडक्याचे धागे आणि केस अडकलेले असतात. टूथब्रशने घासा, सुईने धागे उपसा, परत धरायला लागतं. हेच वेल्क्रो लेन्स पुसायच्या मायक्रोफायबर फडक्याचा सत्यानाश करतं, म्हणून ते फडकं डिव्हायडरच्या आसपास मोकळं टाकायचं नाही, पाऊचमध्येच.

## ५. बॅगेत ठेवण्याआधी कॅमेऱ्याला झोपवा

छोटी पायरी आहे, पटकन सांगते. कॅमेरा बंद करा, नुसता स्लीपमध्ये नको. घट्ट कप्प्यात शटरचं बटण दाबलं जातं आणि दोन तासांनी बॅटरी उतरलेली सापडते. झूम लेन्सला लॉकची कळ असेल तर लावा, नाहीतर तोंड खाली करून ठेवलेली लेन्स स्वतःच्या वजनाने लांब होत जाते. कॅमेऱ्याचा पट्टा लेन्सभोवती गुंडाळायचा नाही, बॉडीच्या वरच्या बाजूला घडी करून ठेवायचा, सगळ्यात शेवटी आत आणि सगळ्यात आधी बाहेर. पट्ट्याला क्लिप असेल तर काढूनच टाका, मी तेच करते.

## ६. चेन, आणि माझ्या हातून झालेला सगळ्यात मोठा घोळ

हे नीट वाचा.

पाठीच्या बाजूने पूर्ण उघडणाऱ्या बॅगेत लोक एकदा काहीतरी काढतात आणि "आत्ता परत उघडायचीच आहे" म्हणून झाकण नुसतं टेकवून ठेवतात. मग कुणीतरी हाक मारतं, आपण वरचा हँडल धरून बॅग उचलतो, आणि सगळं सामान जमिनीवर. माझी लेन्स अशीच पायऱ्यांवरून तीन पायऱ्या गडगडत गेली. पुढचा फिल्टर फुटला, त्याची रिंग वाकून बसली, लेन्स वाचली. नशीब.

तेव्हापासून नियम एकच: चेन एकतर पूर्ण उघडी आणि माझा हात बॅगेवर, नाहीतर पूर्ण बंद. मधली अवस्था नाही. बरोबरच्या माणसालाही सांगून ठेवा, कारण मदत म्हणून बॅग उचलणारा तोच असतो.

दुसरं, चेनचे दोन रनर. बहुतेक लोक दोन्ही रनर वरती मधोमध आणून थांबवतात. तिथे बॅगेचं वजन ओढ देतं आणि चालता चालता फट पडते. दोन्ही रनर एका बाजूला, खालच्या कोपऱ्याकडे न्या, आणि *नेहमी त्याच* बाजूला. म्हणजे अंधारातही हात तिथेच जाईल. बाजूची खिडकी असेल तर ती कुठल्या दिशेने उघडली की कॅमेऱ्याच्या ग्रिपकडून उघडते ते बघा आणि रनर त्या टोकाला ठेवा.

रनरचा धातूचा खुळखुळणारा तुकडा काढून तिथे नायलॉनच्या दोरीची गाठ मारलेली वळी बांधा. हातमोजे असतील तरी पकडता येते, आवाजही करत नाही. मुख्य कप्प्याच्या चेनला एका रंगाची, बाकीच्यांना दुसऱ्या रंगाची. सतरा कप्प्यांच्या सतरा सारख्या चेनमध्ये मला हवी ती कधीच पहिल्या फटक्यात सापडायची नाही, रंग लावल्यापासून सापडते.

झडपेवाली वेल्क्रोची बॅग असेल आणि शांत ठिकाणी शूट करत असाल तर तो *खर्रर्र* आवाज सगळ्यांच्या माना वळवतो. वेल्क्रोची मऊ पट्टी कापून झडपेवरच्या खरखरीत बाजूवर चिकटवून टाका, झडप मुकी होते. फक्त मग ती नुसती लोंबते हे लक्षात ठेवा, निघताना पट्टी काढायची किंवा बक्कल लावायचं.

## ७. पट्टे: क्रम चुकला की सगळं चुकतं

वजन कसं ठेवायचं ते आधी. जड वस्तू पाठीला चिकटून आणि पाठीच्या मध्यावर. बाहेरच्या बाजूला जड काही ठेवलं तर बॅग तुम्हाला मागे ओढते आणि तुम्ही पुढे वाकून चालता. एकदम तळाला सगळं जड असेल तर ती कमरेवर आपटत राहते. अडचण अशी की आपण कॅमेरा खिडकीजवळ ठेवलाय, आणि खिडकी पाहिजे तिथे असतेच असं नाही. मग दुसऱ्या बाजूला जड लेन्स ठेवून तोल साधा. इथे थोडी तडजोड आहे, मी सोयीच्या बाजूने कौल देते.

पट्टे लावताना आधी सगळे सैल करा. बॅग पाठीवर घ्या, पहिल्यांदा कमरेचा पट्टा, पोटावर नाही, कमरेच्या हाडांवर. तो घट्ट. मग खांद्याचे, बॅग पाठीला टेकेल इतपत. मग छातीचा, तो फक्त खांद्याचे पट्टे बाहेर घसरू नयेत म्हणून, श्वास अडकेल एवढा नाही. खांद्याच्या वर छोटे तिरके पट्टे असतील तर सगळ्यात शेवटी ते किंचित ओढा, बॅगेचा वरचा भाग पाठीकडे येतो. आपण सगळे उलटं करतो, आधी खांदे करकचून आवळतो, मग कमरेचा पट्टा नावापुरता, आणि मग मान दुखते म्हणून बॅगेला दोष.

काही बॅगांचा कमरेचा पट्टा म्हणजे नुसती पातळ नाडी असते, पॅडिंग नसलेली. ती बॅग हलू नये यासाठी आहे, वजन घेण्यासाठी नाही. तिच्याकडून अपेक्षा ठेवू नका, तिथे एकच उपाय, वजन कमी.

लोंबणारी टोकं गुंडाळून रबर लावा किंवा वेल्क्रोच्या तुकड्याने बांधा. बसच्या दारात, खुर्चीत, चेनमध्ये, सगळीकडे अडकतात.

## ८. ट्रायपॉड

बाजूला लावला तर बॅग एका बाजूला झुकते, आणि खिडकीच्या बाजूला लावला तर खिडकी बंद! हे इतक्या बॅगांत आहे की मला कळत नाही बॅग बनवणाऱ्याने एकदा तरी ट्रायपॉड लावून बघितला होता का. खिडकीच्या विरुद्ध बाजूला लावा आणि खिडकीकडच्या खिशात पाण्याची बाटली ठेवू नका, ती चेनच्या आड येते आणि गळली तर थेट आत. पाणी आणि कॅमेरा एका कप्प्यात कधीच नाही.

## ९. बारीकसारीक सामान

सतरा कप्प्यांपैकी मी आता पाच वापरते. बाकीचे रिकामे. आधी वाटायचं रिकामे ठेवणं म्हणजे वाया घालवणं, पण जेवढ्या जागा तेवढ्या ठिकाणी शोधाशोध.

एक पाऊच बॅटऱ्या आणि कार्डांचा, एक वायर-चार्जरचा, एक साफसफाईचा. तीन रंग, संपलं. भरलेली बॅटरी तोंड वर, उतरलेली तोंड खाली. कार्डाचंही तसंच, रिकामं सुलटं, भरलेलं उलटं. ही खूण तुमची तुम्ही ठरवा, पण एकदा ठरवली की बदलायची नाही. मी मध्येच बदलली आणि भरलेलं कार्ड फॉरमॅट करता करता वाचलं.

विमानाने जाणार असाल तर सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनच्या सामानात चालत नाहीत, केबिनमध्ये जवळच ठेवायच्या, आणि टोकांना धातू लागू नये म्हणून प्लास्टिकची टोपी किंवा चिकटपट्टी. १०० वॉट-अवरपर्यंतच्या (हे बॅटरीत मावणाऱ्या ऊर्जेचं माप) बॅटरीला वेगळी परवानगी लागत नाही. वॉट-अवर काढायचा असेल तर व्होल्ट गुणिले एमएएच, भागिले १०००. म्हणजे ७.२ व्होल्ट, २००० एमएएच असेल तर १४.४. नेहमीच्या कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या १०० च्या खूप खाली असतात, पण लॅपटॉपची पॉवर बँक आणि मोठ्या लाइटची बॅटरी तपासून घ्या. तिथे आपल्या लाडक्या बॅगेचा खरा कस लागतो, कारण तपासणीत सगळं ट्रेमध्ये काढायला सांगू शकतात आणि मागे रांग असते. तीन पाऊच तीन सेकंदांत निघतात, सतरा कप्पे नाहीत.

## १०. पाऊस, ओल, बुरशी

"वॉटर रेझिस्टंट" म्हणजे चार थेंब झेलेल, बास. कापड पाणी अडवतं पण शिवणीतून आणि चेनमधून ते आत येतं. रेनकव्हर लावलं तरी ते पाठीची बाजू झाकत नाही, आणि तुमच्या मानेवरून वाहणारं पाणी बरोबर तिथूनच उतरतं. पाठीकडून उघडणारी बॅग असेल तर चेन तिथेच आहे! म्हणून मोठा पाऊस असेल तर कॅमेरा आत एका प्लास्टिकच्या पिशवीत, आणि अंगावर बॅगेसकट झाकणारा पोंचो असेल तर उत्तमच.

रेनकव्हर तळाच्या खिशात कोंबलेलं असतं. ओलं झालेलं तसंच परत कोंबायचं नाही, ओल वर फोममध्ये चढते. आणि त्याची नाडी नेहमी आत ढकलून खिसा बंद करा, माझा खंड्या त्या नाडीनेच घालवला.

थंडगार एसी खोलीतून दमट हवेत गेलात तर लगेच बॅग उघडू नका. गार लेन्सवर वाफ धरते. बंद बॅगेतच अर्धा तास राहू द्या, कॅमेरा हळूहळू बाहेरच्या तापमानाला येतो. बॅग लवकर उघडत नाही याचा हा एकमेव फायदा मला सापडलाय.

घरी आल्यावर मात्र कॅमेरा बॅगेत मुक्कामाला ठेवू नका. फोम ओल धरून ठेवतो, आतमध्ये अंधार, हवा खेळत नाही, बुरशीला आणखी काय हवं. हवेतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास असेल अशा बंद डब्यात किंवा कपाटात ठेवा. सिलिका जेलचे निळे दाणे गुलाबी झाले, किंवा नारिंगी दाणे हिरवट झाले, की ते ओल पिऊन भरलेत असं समजायचं, तापवून परत वापरता येतात. गुलाबी झालेल्या पुड्या वर्षभर तशाच ठेवून "मी सिलिका टाकलंय" म्हणत राहण्यात अर्थ नाही.

## ११. आता परत मोजा

तिसऱ्या पायरीतला कागद काढा. तसंच पाठीवर घ्या, चाला, काढा, मोजा. मग *परत ठेवा* आणि तेही मोजा, कारण ठेवायला कटकट होत असेल तर आपण कॅमेरा गळ्यात अडकवून ठेवतो आणि बॅग नुसती ओझं होते.

रोज पाच वेळा, एक आठवडा. शेवटच्या दिवशी डोळे मिटून. पहिले दोन दिवस बावळट वाटतं, घरचे हसतात, हसू दे. पलंगावर किंवा गादीवर करा, म्हणजे पडलं तरी चालेल. माझ्या अकराच्या पाच झाल्या: कमरेचं बक्कल, छातीचं बक्कल, खांदा, चेन, कॅमेरा. लेन्स कॅप मी आता बॅगेत लावतच नाही, हूड असते आणि कप्पा मऊ आहे. हे पटणार नाही काही जणांना, ज्याचं त्याने बघावं.

## एवढं करूनही जमत नसेल तर

काही बॅगा खरंच सुधारत नाहीत. पट्टे शिवलेलेच चुकीच्या जागी असतील, कमरेचा पट्टा तुमच्या बरगड्यांवर येत असेल, किंवा तुमची सगळ्यात मोठी लेन्स बॉडीला लावून बसतच नसेल, तर मांडणीने काही होणार नाही. तेव्हा आतला फोमचा पेटारा सुटा होतो का बघा. खूप बॅगांत तो वेल्क्रोवर नुसता टेकवलेला असतो. तो काढून तुमच्या नेहमीच्या, अंगात बसलेल्या साध्या सॅकमध्ये ठेवा. कॅमेऱ्याची बॅग आहे हे बाहेरून कळत नाही, हे अजून बरं.

आणि नवीन घ्यायचीच झाली तर दुकानात स्वतःचा कॅमेरा आणि सगळ्यात मोठी लेन्स घेऊन जा. रिकामी बॅग पाठीवर घेऊन आरशात बघू नका, रिकामी बॅग सगळ्यांनाच छान बसते. सामान भरा, सगळे पट्टे लावा, दुकानातच दहा मिनिटं चाला, वाका, खाली बसा, आणि उभ्या उभ्या कॅमेरा काढून परत ठेवा. दुकानदार विचित्र नजरेने बघेल. बघू दे. मी गेल्या महिन्यात मैत्रिणीबरोबर गेले होते, तिने चार बॅगांवर हे केलं, तीन तिथेच बाद झाल्या, आणि त्यातली एक माझीच होती, फक्त नव्या रंगात. आता तिला अठरा कप्पे आहेत.